मला दिसलेला ससाणा

तीर्थरूप वहिनींच्या सेवेशी,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने. शरीराने वाकायला सध्या कंबर राजी नाही. का, ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? आणि दादांचा खोकला? गेल्या पत्रात मी दोन्हींची चौकशी केली होती. तुमच्या उत्तरात फक्त गुडघ्यांची हकीकत आली, त्यावरून दादा औषध घेत नाहीत एवढं मी समजून घेतलं. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र वाचून दाखवू नका. ते हसतील, हसले की ठसका लागेल, आणि त्याचं खापर शेवटी माझ्या डोक्यावर फुटेल.

आम्ही सगळे ठीक. दुकान ठीक. लोकांची नजर देवाच्या दयेने कमी होतेच आहे, त्यामुळे चष्मेवाला उपाशी मरत नाही. मापं घेणं, काचा बसवणं हे सगळं दोन वर्षांपासून हिची भाची बघते. मुलगी हुशार आहे, हात हलका आहे. मी खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला कुठली फ्रेम शोभेल ते सांगतो, आणि त्याने भलतीच उचलली की तीही कशी शोभते ते सांगतो. तरी थकायला होतं. पूर्वी काम केल्यावर थकायचो, हल्ली आराम केल्यावरही थकतो. असा माणूस रविवारी सकाळी अंथरुणात पडून छताकडे बघत असला तर त्यात कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं. पण माझा रविवार पक्ष्यांनी नेला वहिनी, त्याचीच ही कथा.

तुम्हाला माहीतच आहे, तुमची धाकटी जाऊ शाळेतून निवृत्त झाली. जन्मभर भूमिती शिकवलेल्या बाईला निरखायला, पारखायला काहीतरी लागतं. पहिले काही महिने तिने मलाच निरखलं. त्यात फारसं हाती लागलं नसावं, कारण मग ती पक्ष्यांकडे वळली. आमच्या इथे एक पक्षी मंडळ आहे. मंडळ म्हणजे सुट्टीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून ओल्या जागी जाणारी, आणि तिथे न बोलता उभी राहणारी सुशिक्षित माणसं. त्यांचे पुढारी एक वकील आहेत. त्यांना सगळे सेनापती म्हणतात. कोर्टात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो म्हणे, पण पक्ष्यांसमोर ते इतकं हळू बोलतात की पक्ष्यांनाच त्यांचं गुपित कळत असावं, आपल्याला नाही. दुसऱ्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या पक्ष्यांशीही पेशंटसारखंच बोलतात. "जरा इकडे वळा बरं... आणखी थोडं... शाब्बास." गंमत म्हणजे पक्षी वळतात.

दरवर्षी हिवाळ्यात या मंडळाची एक मोठी फेरी असते. समुद्रावरचे कुरव आणि शिकारी पक्षी बघायचे, सकाळी धक्क्यापासून सुरुवात करून संध्याकाळी गवताळ रानात संपवायचं. या खेपेला मंडळाची मोठी दुर्बीण आमच्याकडे मुक्कामाला होती, आणि ऐन त्याच आठवड्यात हिचं मनगट मुरगळलं. दुर्बिणीला एक तीन पायांचं लोखंडी तिकाटणं आहे. ते उचलायला माणूस हवा होता. घरात मी एकटाच माणूस. ही नुसती म्हणाली, "तुम्हाला कंटाळा येईल, राहू दे. मी बघते कुणीतरी." वहिनी, तुम्हीही दादांना असंच काही म्हणत असाल, त्यामुळे पुढचं सांगायला नको. सकाळी अंधारातच मी स्वेटरवर स्वेटर चढवून, डोक्याला मफलर गुंडाळून, खांद्यावर तिकाटणं टाकून दारात उभा होतो. नांगर घेऊन निघालेल्या माणसाला निदान बैलांची सोबत असते.

धक्क्यावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं, असं सगळे म्हणत होते. मला तरी राखाडीच दिसत होतं. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, भिंत राखाडी, आणि त्या भिंतीवर ओळीने बसलेले कुरवही राखाडी. मासळीच्या टोपल्या धुऊन झालेल्या, दोरखंड भिजलेले, बर्फाच्या कारखान्यातून वाफ येत होती. सेनापतींनी कुजबुजत व्याख्यान सुरू केलं. त्याचा सारांश असा, की मोठ्या जातीचा कुरव एकदम मोठा होत नाही. त्याला चार-चार हिवाळे लागतात. पहिल्या हिवाळ्यात तो ठिपक्याठिपक्यांचा आणि तपकिरी, दुसऱ्यात पाठीवर जरा राखाडी, तिसऱ्यात आणखी जरा राखाडी, आणि चौथ्यात एकदाचा पांढरा आणि राखाडी. मंडळातली माणसं एकेक कुरव बघून तो कितव्या हिवाळ्यातला आहे यावर हळू आवाजात भांडतात. (आपल्या घरात पोरांचं वय कुणाला धड आठवत नाही. दादा परवापर्यंत माझ्या वयात चुकत होते.) मला विचारलं असतं तर मी सगळ्यांना मोठे झाल्याचा दाखला देऊन घरी पाठवलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं.

कारण वहिनी, मला एकही कुरव धड दिसत नव्हता.

धुकं असेल म्हणून मी चष्मा पुसला. मग दुसऱ्यांदा पुसला. मग मफलरची लोकर काचेला लागली असेल म्हणून रुमालाने पुसला. भिंतीवर कुरव बसले आहेत हे मला आवाजावरून कळत होतं. (आवाज कसा, तर गंजलेल्या बिजागरीला कुणीतरी चिमटे काढावेत तसा.) बाकी भिंतीच्या वरच्या कडेला कुणीतरी खडू पुसल्यासारखं फिकट काहीतरी होतं, इतकंच. पण तसं म्हणायची सोय नव्हती. चष्मेवाल्याने दिसत नाही म्हणायचं म्हणजे हलवायाने साखर कडू लागते म्हणण्यासारखं. म्हणून मी एक युक्ती काढली. मंडळाने "अहाहा" म्हटलं की एक श्वास सोडून आपणही "अहाहा" म्हणायचं. डॉक्टरीणबाईंनी "चोच बघा चोच" म्हटलं की "काय चोच आहे" म्हणायचं. सेनापतींनी बोट केलं की मान त्याच दिशेला वळवायची, आणि ओठ जरा पुढे काढून, जाणकार माणूस काढतो तसे, गंभीर व्हायचं. युक्ती इतकी छान चालली की तासाभराने सेनापती हिला म्हणाले, "तुमच्या मिस्टरांची नजर तयार आहे." मला वाटलं, ही हसेल. ही हसली नाही. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मुलं उत्तर बरोबर लिहितात पण रीत चुकीची असते, तेव्हा ती त्यांच्याकडे असंच बघत असावी.

मग न्याहारी झाली. मी उकडलेलं अंडं आणि पावाचा तुकडा हातात घेऊन धक्क्याच्या कडेला उभा राहिलो, जरा लांब, म्हणजे कुणी पक्षी दाखवू नये. तोच सगळे ओरडले. कुणी "सांभाळा" म्हणालं, कुणी "खाली वाका" म्हणालं, आणि सेनापती तर कोर्टातल्या आवाजात "अहो!" म्हणाले. एवढं काय झालं म्हणून मी चौफेर पाहतो आहे, तोवर तोंडावर कुणीतरी ओला टॉवेल मारावा तसं झालं, आणि हात रिकामा. कुरव अंड्यासकट पाव घेऊन गेला. मी मागे सरकलो तो दोरखंडात पाय अडकून बसलो, आणि बसलो तेही टोपल्या धुतलेल्या पाण्यात. (कंबर ती हीच.) डॉक्टरीणबाईंनी लगेच येऊन माझे दात हलत नाहीत ना ते पाहिलं. लागलं कंबरेला होतं, पण ज्याची विद्या त्याने तिथेच वापरायची. मंडळातली माणसं सभ्य. कुणी हसलं नाही. सगळे एवढंच बोलत होते की तो पक्षी किती लांबून, किती सरळ, किती हळू आला, कुणालाही दिसावा असा. "तुम्ही त्याच्याकडेच बघत होता की," एक जण म्हणाला. मी म्हटलं, "हो, मी त्याला येऊ दिला." वहिनी, आयुष्यात काही वाक्यं अशी असतात, की ती बोलल्यावर माणसाचं नाव होतं. मंडळात माझं नाव झालं. ज्याने कुरवाला येऊ दिला तो.

त्या नावाचं मला ओझं झालं. गप्प राहणारा माणूस जाणकार ठरला, की लोक त्याच्या बोलण्याची वाट बघू लागतात. दुपारी आम्ही कचऱ्याच्या डोंगरामागच्या रस्त्याने चाललो होतो. वर घारी फिरत होत्या. (घारी मला दिसल्या. काळं, मोठं आणि हलणारं असलं की दिसतं.) सेनापती म्हणाले, या भागात हिवाळ्यात बहिरी ससाणा येतो, खांबावर तासन् तास हलत नाही, आणि एकदा सुटला की गोळीसारखा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लक्ष ठेवा. तुम्हालाच दिसेल." आता मला सांगा, एवढा विश्वास टाकल्यावर माणसाने काय करावं? दूर चिखलापलीकडे कुंपणाचे खांब होते. त्यातल्या एकावर काहीतरी काळं, ताठ, खांद्यात रुंद आणि खाली निमुळतं बसलेलं मला दिसलं. खरोखर दिसलं. सकाळपासून पहिल्यांदाच एखाद्या वस्तूला मला कडा दिसत होत्या. त्या आनंदात माझ्या तोंडून निघून गेलं, "ससाणा."

मंडळ जागच्या जागी थिजलं. सेनापतींनी हाताने खूण केली. सगळे वाकले. मीही वाकलो, त्या कंबरेनिशी. मग आम्ही एकामागे एक चिखलात उतरलो. कुणी बोलत नव्हतं, कुणी शिंकत नव्हतं. चिखल घोट्यापर्यंत आला, मग पोटरीपर्यंत आला. डॉक्टरीणबाईंचा एक बूट चिखलातच राहिला, त्या एका पायावर उभ्या राहून "चालेल, चालेल" म्हणाल्या. माझ्या खांद्यावर तिकाटणं, त्याचा एक पाय सुटून दर पावलाला माझ्या कानशिलात बसत होता. कडेचे दोन-तीन जण दुर्बिणी डोळ्यांना लावून लावून मग एकमेकांकडे बघू लागले, ते मला जाणवलं, पण ससाणा हलला नव्हता, आणि तो हलत नाही हे तर सेनापतींनीच सांगितलेलं. शेवटी खांब अगदी समोर आला तेव्हा ही हलकेच म्हणाली, "अहो, तो रबरी बूट आहे."

कुणीतरी धुऊन खांबावर उलटा वाळत घातलेला गमबूट. टाच वर, नडगी खाली. खांदे म्हणजे टाच.

परत येताना माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, हेच जास्त झोंबलं. सेनापती म्हणाले, असं मोठमोठ्यांचं होतं, प्रकाशाचा दोष. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांनी एकदा प्लास्टिकच्या पिशवीला बगळा समजून बराच वेळ पाहिलं होतं. (त्या पिशवीलाही त्या वळा म्हणाल्या असतील.) मी मात्र मनातून पार खचलो. ही गोष्ट बुटाची नव्हती. तो बूट सगळ्यांना तिथून बूट दिसत होता. ज्याच्याकडे दुर्बीण नव्हती त्यालासुद्धा.

संध्याकाळी आम्ही गवताळ रानाच्या बांधावर पोचलो. पलीकडे पाणी साचलेलं शेत होतं, त्यात शेकडो कुरव विसावले होते, असं म्हणत होते. अलीकडे उंच पिवळं गवत, तिथे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. मी तिकाटणं लावून दिलं, दुर्बीण बसवून दिली आणि मागे जाऊन उभा राहिलो. कुणी दाखवू नये, कुणी विचारू नये, एवढंच मागणं होतं. खरं सांगतो, मला घरी जायचं होतं. बूट ओले, पाठ ओली, अंग ठणकत होतं.

तेव्हा ही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दुर्बिणीपाशी रांग होती, तिचा नंबर पुढचाच होता, तो सोडून आली. माझ्याकडे न बघताच बोलू लागली, अगदी हळू, सेनापतींनाही ऐकू जाऊ नये इतकं. "डाव्या बाजूला गवताच्या वरून येतोय. पंख वर उचललेले, उघड्या पुस्तकासारखे. डोलतोय. तपकिरी आहे, म्हणजे मादी. आता वळली. आता बांधाच्या सरळ रेषेत. पाय खाली सोडले. गेली, गवतात बसली." थोड्या वेळाने, "आणखी एक. हा राखाडी, नर." मी "हं" म्हणत होतो. "अहाहा" म्हटलं नाही. तिला ते चाललं नसतं. वहिनी, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने माझ्या कानाशी येऊन इतका वेळ असं कधी काही सांगितलं नव्हतं. आणि मी मूर्ख, मला वाटत होतं की तिला कळलेलं नाही.

मग एकदम ती थांबली. सगळेच थांबले. आणि पाण्यावरचे सगळे कुरव एकाच क्षणी उठले. का उठले ते मला मागाहून कळलं, खराखुरा ससाणा आला होता. तो मला दिसला नाही. पण ते उठणं मला दिसलं. एकही पक्षी दिसला नाही, सगळे मिळून दिसले. कुणीतरी जमिनीवरची पांढरी चादर चार टोकांनी उचलून झटकावी, तसं ते सगळं पांढरं वर गेलं, वळलं, क्षणभर पार नाहीसं झालं आणि पुन्हा पांढरं झालं. आवाज तर असा, की छातीत वाजावा. माझ्या तोंडून निघालं, "दिसलं!" दिवसभर मी जे-जे दिसलं म्हणालो होतो, त्यात हे एकच खरं. माझा आवाज जरा वेगळाच आला असावा, कारण हिने माझा दंड धरला, मुरगळलेल्या हाताने, आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. लोकांना वाटलं तिचा हात दुखतो म्हणून आधार घेतलाय.

घरी येऊन आंघोळी झाल्या, चहा झाला. मी आडवा होणार, तोच ही म्हणाली, "जरा खाली दुकानात चला." दुकान आमच्या घराखालीच, रविवारचं बंद. तिने एकच दिवा लावला, आणि गिऱ्हाइकाला बसवतो त्या खुर्चीत मला बसवलं. स्वतः मागे स्टुलावर बसली. मला काय ते कळलं, पण मी निर्धास्त होतो. समोरच्या भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक-बारीक होत जाणाऱ्या ओळी.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचला. वरचा क वाचला, त्याखालची न आणि ल ची ओळ वाचली. मधल्या ओळीत गिऱ्हाइकं ज्या ठिकाणी घ ला ध म्हणतात, तिथे मी मुद्दाम ठासून घ म्हटलं. शेवटची, मुंगीच्या पावलांची ओळ तर मी घडाघडा म्हणून टाकली.

"त्याच्याखाली काही आहे?" तिने विचारलं.

"छापखान्याचं नाव आहे," मी म्हटलं, आणि तेही वाचून दाखवलं.

"झकास," ती म्हणाली. "आता उठा, आणि भिंतीला हात लावा."

मी उठलो. भिंतीपाशी गेलो. हात लावला. वहिनी, हाताला गार भिंत लागली, आणि एक खिळा. तक्ता नव्हताच. वळून पाहिलं तर तो तिच्या मांडीवर होता, सुरळी करून दोन्ही हातांत धरलेला. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर मी काहीतरी विनोद करून सुटलो असतो. पण तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, "नीट आठवत नाही."

"भाची सगळं काम बघते, ते म्हणूनच?"

मी म्हटलं, "हो." माझ्या हातून कुणाचा नंबर चुकू नये म्हणून मी मापं घेणं सोडलं होतं, आणि लोकांना सांगत होतो की नव्या पिढीला वाव द्यायचाय.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

उत्तर होतं, पण ते फार लाजिरवाणं होतं. गेली कित्येक वर्षं मी गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून सांगत आलो आहे, की मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे काहीच नाही, चुटकीसरशी होतं, कळतसुद्धा नाही, जा बिनधास्त. किती म्हातारे-म्हाताऱ्या मी असे हसत-हसत धाडले. आणि स्वतःच्या डोळ्यापुढे पडदा आला, तेव्हा मला त्या टेबलावर आडवं व्हायची, आणि उघड्या डोळ्याजवळ हत्यार येताना बघायची भीती वाटली. अजून वाटते. हे मी तिला सांगितलं. खिळ्याला हात लावून, भिंतीकडे तोंड करून सांगितलं. तिने तक्ता उलगडला, जागेवर टांगला, वाकडा झाला होता तो सरळ केला आणि म्हणाली, "उद्या दुकान बंद."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ज्यांच्याकडे मी सगळ्यांना पाठवतो, तेच. त्यांनी थेंब घातले, दिवा मारला. मग म्हणाले, उजवा सोपा आहे, आधी तोच करू. डावा मात्र फार पिकलाय, तुम्ही उशीर केलात, त्यात किती नजर येईल ते आत्ता सांगता येत नाही. एवढं झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला धीर दिला, आणि वहिनी, तो धीर शब्दाशब्दाने माझा होता. "चुटकीसरशी होतं हो, कळतसुद्धा नाही." माझ्याकडून ऐकलेल्या गिऱ्हाइकांना काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. काही वाटत नाही. ऐकूच येत नाही.

असो. बाकी विशेष काही नाही. थंडी बरी आहे. सेनापतींनी मला मंडळाचं सभासद करून घेतलंय, दर महिन्याला मी तिकाटणं उचलायचं असा ठराव झालाय. मी विचार करून सांगतो म्हटलं, पण तुम्ही ओळखलंच असेल की मी नाही म्हणणार आहे. पक्षी ही मुळात लांबून ऐकायची गोष्ट आहे असं माझं मत झालं आहे. तुम्ही प्रकृतीला जपा, दादांना औषध स्वतःच्या डोळ्यांदेखत द्या. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि मधल्यांना काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी ठरलं आहे. सहज कळवलं. त्यासाठी कुणी धावपळ करून यावं असं त्यात काही नाही.

दुसरा ता. क. वरचा ता. क. पुन्हा मनात घोळवला. त्यात खरं काही नाही. वहिनी, तुम्ही याल का? बुधवारी संध्याकाळपर्यंत आलात तर बरं. आधी लिहिणार होतो, की हिला सोबत होईल म्हणून या. पण हिला सोबत लागत नाही, ती धीराची आहे, सगळी तयारी तिने शांतपणे केली आहे. भ्यालोय तो मी. तुम्ही दाराबाहेर बसला आहात एवढं ठाऊक असलं, तर मी आत आडवा होईन. दादांना काहीही सांगा, लग्नाला चालले म्हणा.

वहिनींना धाकट्या जावेचा नमस्कार. पत्र पाकिटात घालण्याआधी मी वाचलं. काही ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, त्या गिरवून सरळ केल्या आहेत. मजकुराला हात लावलेला नाही. हे भ्याले आहेत असं लिहितात, पण मला सांगून टाकल्यापासून हे अगदी मजेत आहेत. पोटभर जेवतात, गाढ झोपतात, भाचीला गमबुटाची गोष्ट रंगवून सांगतात. मीच नीट झोपलेले नाही. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मला एकटीला बसायचं आहे. भाची येते म्हणाली, पण ती धीर देईल, आणि कुणी धीर दिला की मला रडू फुटतं. तुम्ही काही न बोलता बसता. म्हणून याच. आणि यांना मात्र शेवटपर्यंत असंच वाटू द्या, की तुम्ही यांच्यासाठी आला आहात.